लेन्समुळे बुबुळाला आलेली सूज: कोणती उतरते, कोणती नाही

चिकोडी तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि टिळकवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. नंबर उणे सात, चार वर्षं लेन्स वापरते. गेले काही महिने संध्याकाळ झाली की तिला दिव्यांभोवती कडी दिसतात. लेन्स काढून चष्मा लावला तरी बराच वेळ धूसर दिसत राहतं. डोळे लाल होतात, पण दुखत नाहीत. तपासणीत ‘कॉर्नियाला सूज आहे, लेन्स बंद करा’ एवढंच सांगितलं गेलं. घरात घबराट झाली ती दुसऱ्याच कारणानं. मुलीच्या आजीलाही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘कॉर्नियाची सूज’च सांगितली होती आणि त्या डोळ्याची नजर परत आली नाही. नातीचंही तसंच होणार का? लेन्स कायमची सुटली का? आणि या लग्नसराईत तिचं लग्न ठरलंय, तेव्हा काय करायचं?

आधी आजीचं. आजी आणि नात दोघींच्या कागदावर एकच शब्द लिहिलेला असला तरी आजार वेगळे आहेत. आजीच्या डोळ्यात कॉर्नियाचं पाणी बाहेर काढणाऱ्या पेशी गेल्या होत्या. तुमच्या मुलीच्या पेशी, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून, जागेवर आहेत. अडली आहे ती कॉर्नियाची हवा. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, अडलेली हवा मोकळी करता येते. म्हणून नातीची नजर परत येण्याची शक्यता फार चांगली आहे. डोळा न पाहता याहून ठाम कुणी बोलू नये, मीही बोलत नाही.

कॉर्निया म्हणजे काळ्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो. मधल्या थरात कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू ठरावीक अंतरावर रचलेले असतात आणि त्या नेमक्या अंतरामुळेच प्रकाश न विखुरता आरपार जातो. जास्तीचं पाणी शिरलं की तंतू दूर सरकतात आणि पारदर्शकता कमी होते. पाणी शिरण्याची ओढ तर कायमच असते. ती रोखून धरतो आतल्या बाजूचा एकेरी पेशींचा थर, एंडोथेलियम. आपल्याकडे कृष्णाकाठच्या उसाच्या रानात चर काढलेले नसतील तर पाणी साचून पीक पिवळं पडतं. या पेशी चर काढण्याचं आणि पाणी उपसण्याचं, दोन्ही कामं रात्रंदिवस करतात. तरुणपणी त्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच ते तीन हजार असतात. वयाबरोबर हळूहळू कमी होतात आणि मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही, शेजारच्या पेशी पसरून ती जागा झाकतात. संख्या पाचशेच्या आसपास आली की उपसा पुरत नाही. आजीच्या बाबतीत हेच झालं असणार. वय, कदाचित आधीपासून कमी असलेल्या पेशी आणि त्यावर ऑपरेशनचा ताण.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी आजींबद्दल एक सांगतो. अशा डोळ्यात आता फक्त आतला पातळ थर बदलता येतो, अख्खा कॉर्निया बदलावा लागतोच असं नाही. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) आणि नस चांगली असेल तर आजही विचारण्यासारखं आहे. आजी हयात असतील तर त्यांचा डोळा ‘संपला’ असं धरून बसू नका, एकदा कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता मुलीकडे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर दिसलंच नसतं. त्यामुळे त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून. डोळे मिटले की हवा बंद होते आणि पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून जे झिरपेल त्यावर भागवावं लागतं. उघड्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणूनच लेन्स न वापरणाऱ्या माणसाचाही कॉर्निया झोपेत तीन-चार टक्के सुजतो, म्हणजे वीसेक मायक्रॉन, आणि उठल्यावर तास-दोन तासांत पूर्ववत होतो. तुमचा-माझाही रोज सुजतो, कुणाला कळत नाही.

त्यावर लेन्स बसली की वरच्या थरातल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. त्या ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागतात आणि लॅक्टिक ॲसिड तयार होतं. ते मधल्या थरात साठतं आणि पाणी ओढून घेतं. सूज येते ती अशी. त्यात जंतूंचा संबंध नाही, ॲलर्जीचाही नाही, त्यामुळे अँटिबायोटिकचे थेंब टाकून ती उतरत नाही. साधी जेली लेन्स, म्हणजे जुन्या प्रकारची मऊ लेन्स, घालून रात्रभर झोपलं तर सूज दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. डोळे उघडल्यावर दिवसभरात कॉर्निया साधारण आठ टक्क्यांपर्यंतची सूज उतरवू शकतो. त्याहून जास्त आली तर उरलेली दुसऱ्या रात्रीपर्यंत तशीच राहते आणि त्यावर पुढच्या रात्रीची भर पडते.

म्हणून मुलीला पहिला प्रश्न हा विचारा, आणि रागावून विचारू नका: लेन्स घालून झोपतेस का? ‘रोज नाही’ असं उत्तर आलं तर ते ‘हो’ समजा. परीक्षेच्या रात्री, गावाला येताना एसटीत, दुपारी अर्धा तास आडवं होताना, सगळं धरायचं. आमच्याकडे बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसावर जातं. पहाटे खोलीवर परतलेली पोरं लेन्ससकट अंथरुणावर पडतात. त्या दिवसांनंतर लाल डोळे घेऊन येणाऱ्यांत लेन्सवाले हमखास असतात.

वेळेवरूनही बरंच कळतं. पेशी कमी झालेल्या डोळ्याची सूज सकाळी जास्त असते आणि दिवस चढेल तसं स्वच्छ दिसायला लागतं, कारण उघड्या डोळ्यातून पाणी उडून जातं. दिवसा घातलेल्या लेन्सची सूज उलटी चालते. सकाळी चांगलं, लेन्स जितके तास डोळ्यात तितकं संध्याकाळी धूसर. तुमच्या मुलीचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. कडी दिसतात ती वरचा पातळ थर ओला झाल्यामुळे. मधला थर पाचसहा टक्के सुजला तरी नजरेवर फारसा फरक पडत नाही, तेव्हा डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राखाली, बारीक उभ्या रेघा दिसतात आणि पेशंट म्हणतो मला तर सगळं दिसतंय. चष्मा लावूनही धूसर दिसणं यात दोन गोष्टी आहेत: सूज, आणि लेन्सखाली कॉर्नियाचा किंचित बदललेला आकार. चष्म्याचा नंबर ज्या आकारासाठी काढला तो आकार त्या वेळी नसतो. या काळात दुकानात जाऊन नवा नंबर काढून घेऊ नका. ऑक्सिजन कमी पडलेल्या डोळ्याचा उणे नंबर पाव-अर्ध्याने वाढलेला दिसू शकतो आणि लेन्स सोडल्यावर उतरतो. तोवर वाढीव नंबरचा चष्मा तयार होऊन आलेला असतो.

डोळा दुखत नाही यावर तुम्ही दोनदा भर दिला आहे. त्यावर विसंबू नका. वर्षानुवर्षं कमी ऑक्सिजनमध्ये राहिलेल्या कॉर्नियाची संवेदना मंदावते. दुखत नाही याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की डोळ्यानं सांगणं कमी केलं आहे.

उणे सात नंबरची एक वेगळी अडचण आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. लेन्समधून ऑक्सिजन किती जातो ते ‘डीके बाय टी’ या आकड्यानं मोजतात. १९८४ साली होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी दाखवलं की दिवसा वापरायच्या लेन्सला निदान २४ हवा आणि झोपेतही सूज नेहमीइतकीच ठेवायची तर ८७. पुढे १९९९ मध्ये झोपेसाठीचा आकडा १२५ पर्यंत न्यावा असं गणित आलं. जुन्या धाटणीच्या जेली लेन्स विशी-तिशीत असतात, सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या मऊ पदार्थाच्या बऱ्याच लेन्स शंभरीच्या आसपास किंवा पुढे. पण कंपनी जो आकडा देते तो उणे तीन नंबरच्या लेन्सच्या मध्यबिंदूचा असतो. उणे लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. उणे सातची कड तर चांगलीच जाड. म्हणजे मुलीच्या बुबुळाच्या कडेला त्या आकड्यापेक्षा बराच कमी ऑक्सिजन पोचतो. तिचे डोळे लाल होतात ते बहुधा तिथेच, बुबुळाच्या सीमेवर. तिथून बारीक रक्तवाहिन्या पारदर्शक भागात शिरू लागतात. लेन्स बंद केल्यावर त्या रिकाम्या होतात, पण त्यांची वाट बुजत नाही. पुन्हा ऑक्सिजन कमी पडला की त्याच वाटेनं रक्त परत येतं. डॉक्टरांना आठवणीनं विचारा: कडेनं वाहिन्या आत आल्या आहेत का, किती? सूज किती यापेक्षा मला या उत्तराची जास्त काळजी वाटते.

मऊ लेन्सचा शोध ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाचा. १९६१ च्या नाताळात त्यानं मुलाच्या खेळण्यातल्या जोडणीच्या तुकड्यांतून यंत्र तयार करून घरीच पहिल्या लेन्स काढल्या. त्याआधीच्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून ऑक्सिजन जवळजवळ जातच नव्हता आणि संध्याकाळी धुकं दिसणं हा लेन्स वापरण्याचा भागच समजला जाई. जास्त ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या त्या १९९० च्या दशकाच्या अगदी शेवटी. आज सूज टाळणारी लेन्स मिळते. तरी लोकांना सूज येते, कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून दिलेली तीच लेन्स तोच नंबर टाकून मोबाइलवरून मागवली जाते, महिन्याची लेन्स तीन महिने चालवली जाते आणि मधे कुणी डोळा बघितलेला नसतो.

आता काय करायचं ते. दोन्ही डोळ्यांच्या लेन्स आजपासून पूर्ण बंद. ‘कॉलेजला जाताना फक्त’ हेही नको. नुसत्या ऑक्सिजनच्या कमतरतेची ताजी सूज काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत उतरते. वरच्या थरात तयार झालेल्या बारीक पुटकुळ्यांना मात्र वेळ लागतो आणि इथे लोक घाबरतात: लेन्स बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात तपासलं तर त्या वाढलेल्या दिसतात. वरच्या पेशी पुन्हा जोमानं वाढू लागल्याची ती खूण आहे. पुढे दोन-तीन महिन्यांत त्या जातात. पाच टक्के मिठाचे थेंब काही जण देतात, आजीला दिले असतील, तिथे त्यांचा उपयोग असतो. मुलीच्या प्रकारात लेन्स काढणं हाच उपचार आहे, थेंबांची बहुतेक वेळा गरज पडत नाही. मेडिकलमधून स्वतःहून थेंब आणू नका. विशेषतः स्टिरॉइडचे. दोन दिवसांत लाली जाऊन डोळा बरा वाटतो आणि आत जंतू असतील तर त्यांना रान मोकळं मिळतं. एरंडेल, मध, आईचं दूध हेही नको.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा आणि तीन गोष्टी मागून घ्या: पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाची जाडी, टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, आणि स्पेक्युलर, म्हणजे आतल्या पेशींची मोजणी. तिन्ही बिनदुखीच्या आहेत. बेळगावात होतात. निपाणीकडचे लोक कोल्हापूरला जातात, अथणी-रायबागचे मिरजेला, तिथेही होतात. जाताना लेन्सचा रिकामा डबा किंवा पट्टी, सोल्यूशनची बाटली आणि जुना चष्मा बरोबर न्या. डब्यावरच्या वक्रता, व्यास आणि पदार्थाच्या नावावरून डॉक्टरांना अर्ध्याहून जास्त उत्तर मिळतं. स्पेक्युलरमध्ये पेशींचे आकार लहान-मोठे झालेले दिसले तर ते पूर्ण जुळून येत नाहीत. लेन्सचा हा मागे राहणारा ठसा आहे. संख्या चांगली असेल तर आज नजरेला त्यानं काही होत नाही. पण तो रिपोर्ट जपून ठेवा. तीस-चाळीस वर्षांनी तिच्या मोतीबिंदूच्या वेळी सर्जनला तो लागेल, आणि आजीचा इतिहासही तेव्हा सांगायला हवा, कारण कमी पेशींचा एक आजार घराण्यात चालतो. याच कारणानं मी तुमच्या मुलीची स्पेक्युलर तपासणी टाळणार नाही.

नंबर घालवायच्या लेसरचा विचार कुणी सुचवला असेल तर घाई नको. लेन्सनं आकार बदललेल्या कॉर्नियाची मापं चुकीची येतात. मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त बंद ठेवून, दोन वेळची मापं जुळली तरच पुढे बोलायचं.

सूज उतरते म्हटल्यावर लोक सैल होतात, म्हणून ज्याची मला खरी भीती वाटते त्याकडे येतो. सुजलेल्या कॉर्नियाचा वरचा थर कमकुवत होतो, पेशी सुटतात, आणि तिथून जंतू आत शिरतात. लेन्स घालून झोपणाऱ्याला हा धोका कित्येक पटींनी जास्त. जास्त ऑक्सिजनवाल्या लेन्सनं सूज कमी झाली, पण ती घालून झोपणाऱ्यांचा जंतुसंसर्ग काही कमी झाला नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं; ‘डॉक्टर, माझी लेन्स झोपायचीच आहे’ असं सांगतात. स्युडोमोनास नावाचा जंतू दीड-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. तो बरा झाला तरी फूल पडतं, म्हणजे पांढरा डाग राहतो, आणि बाहुलीसमोर पडलेलं फूल चष्म्यानं जात नाही.

पाण्याचंही तेच. राकसकोप धरणाचं असो, हिडकल धरणाचं असो की घरच्या बोअरचं, टाकीत साठलेल्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याचं कवच नळाच्या क्लोरीनला दाद देत नाही. लेन्सच्या खाली तो अडकला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात. लेन्स किंवा तिची डबी पाण्यानं धुवायची नाही. आंघोळीला लेन्स नको, खानापूरला मलप्रभेत उतरताना तर नकोच. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करायचे, मगच लेन्सला बोट. सोल्यूशन रोज नवं. कालच्यात भर घालायची नाही.

सुट्टीला घरी आल्यावर ती रानात जात असेल तर तिथेही चष्माच. उसाचं पान डोळ्याला लागलं, तंबाखूची किंवा मिरचीची धूळ लेन्सखाली गेली, तर झालेली जखम लेन्स झाकून ठेवते. पाल्याच्या जखमेतून बुरशी शिरते आणि बुरशीचा व्रण सुरुवातीला फार सौम्य वाटतो. वडगाव-शहापूरच्या मागांवर किंवा उद्यमबागच्या फौंड्रीत काम करणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगतो, वर संरक्षक गॉगलसह.

पुढच्यापैकी काहीही झालं तर दोन आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, रविवार असला तरी: लेन्स काढल्यावरही वाढत जाणारं दुखणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, चिकट घाण, किंवा अचानक कमी झालेली नजर. डोक्याचा ठणका आणि उलट्यांबरोबर दिव्यांभोवती कडी दिसली तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तरुण वयात क्वचित, पण घरातल्या पन्नाशीच्या माणसाला तसं झालं तर रात्रीसुद्धा निघायचं.

लेन्स कायमची सुटली का? बहुधा नाही. जाडी पूर्ववत झाली, टोपोग्राफी स्थिर आली आणि वाहिन्या फार आत नसल्या तर दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा लेन्स वापरू शकेल. पण वेगळी लेन्स. माझी पसंती रोज फेकून द्यायच्या सिलिकॉन हायड्रोजेलला आहे. डबी नाही, सोल्यूशन नाही, शिळी लेन्स नाही. खर्च जास्त येतो हे मला माहीत आहे. मग आठवड्यातले चार दिवस लेन्स आणि तीन दिवस चष्मा असं करा, खर्चही आटोक्यात येतो आणि कॉर्नियालाही मोकळीक मिळते. रोज आठ-दहा तासांच्या वर नाही, खोलीवर पोचलं की लेन्स काढायची. वाहिन्या बऱ्याच आत आलेल्या असतील तर ऑक्सिजन जाणारी लहान व्यासाची कडक लेन्स हा चांगला पर्याय आहे. पहिले काही दिवस टोचते, मग सवय होते, आणि बुबुळाची कड मोकळी राहते.

लग्नाचं. तपासणीत सूज पूर्ण उतरलेली असेल तर लग्नाच्या दिवशी लेन्स लावायला माझी हरकत नाही. तिच्या स्वतःच्या नंबरची, नवी, एका दिवसाची. पार्लरमध्ये मिळणारी रंगीत लेन्स नको. रंगाच्या थरामुळे त्यातल्या बऱ्याच लेन्सना ऑक्सिजन कमी जातो, मापाचा पत्ता नसतो, आणि ती आधी दुसऱ्या नवरीच्या डोळ्यात जाऊन आलेली असू शकते. हळदीला चष्माच बरा. अक्षतांच्या दिवशी लेन्स मेकअपच्या आधी लावायची, काजळ पापणीच्या आतल्या कडेला नाही, होमाच्या धुरात डोळे चुरचुरले तर चोळायचे नाहीत. करवलीच्या पर्समध्ये चष्मा, लेन्सचा एक जादा जोड आणि ओलाव्याचे थेंब ठेवायला सांगा. वरात निघायला उशीर होणार हे धरून चाला: गाडीत बसण्याआधी लेन्स काढायची, मेकअप नंतर उतरवला तरी चालेल.